वीस हजारांत आधी काय बदलावे, प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड?

प्रश्न (सिडको, नाशिक): माझ्याकडे गेमसाठी रायझेन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅमची एकच पट्टी आहे, मॉनिटर १०८०पीचा आहे. महात्मा गांधी रोडवरील एका दुकानदाराने सगळेच नवे घेण्यास सुचवले, ते मला पटलेले नाही. आधी काय बदलावे?

उत्तर (इंदिरानगर): गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर राहत असेल, तर प्रोसेसर बदलून फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) फारशा वाढणार नाहीत, आणि ४ जीबीच्या १०५० टीआयकडे पाहता तसेच दिसेल असा माझा कयास आहे. वापरलेले आरएक्स ६६०० कार्ड मिळाले तर पाहावे. ते १३२ वॅटचे असले तरी त्याला पॉवर सप्लायकडून येणारी ८ पिनची वायर लागते, जी बहुतेक १०५० टीआय कार्डांना लागतच नाही. म्हणून आधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायला ती आहे का ते बघावे.

उत्तर (पंचवटी): रॅमची दुसरी पट्टीही घ्यावीच, मात्र ती मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेतच बसवावी. मी दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी खोचून दोन महिने सिंगल चॅनलवरच (म्हणजे दोन पट्ट्या असूनही रॅमच्या एकाच मार्गावर) खेळत होतो, आणि दोष मात्र गेमला देत होतो.

प्रश्नकर्ता: तपासले. वापर ९८ टक्के आहे आणि ६+२ पिनची (जोडली की ८ पिनची होणारी) वायर केबलच्या गुंत्यात सापडली. आता कार्ड आणि रॅम घेतो. बायोस (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून रायझेन ५ ५६०० हा नवा प्रोसेसर याच बोर्डावर बसतो, त्यामुळे प्रोसेसरचे दिवाळीनंतर पाहीन.