तान्ह्या बाळाला किती वेळा पाजायचात? अनुभव लिहा

अबोली
परवा रात्री अडीचला भाचीचा मेसेज. बाळ बारा दिवसांचं. "मावशी, आत्ता तर पाजलं, परत रडतेय. माझं दूध पुरत नाही का गं?" मला माझी २००९ची वही आठवली. डावी १.१०, उजवी १.२५, परत डावी २.०५... पानंच्या पानं. कुणीतरी सांगितलं होतं, दर तीन तासांनीच पाज, मध्ये घेऊ नकोस, सवय लागते. मी घड्याळाकडे बघत त्याला रडू द्यायचे. अजून आठवलं की पोटात कालवतं. घरी येणाऱ्या नर्सताईंनी एकच विचारलं, "दिवसात लंगोट किती ओले होतात?" सात-आठ म्हणाले. "मग पुरतंय. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितातच ही. मागेल तेव्हा घे." आणि वही मिटून कपाटावर ठेवली. तुमचंही लिहा, भाचीला वाचायला देणार आहे.

दोघींची आई
संध्याकाळी सहा ते रात्री दहा. एवढंच लिहिते, बाकी सगळ्यांना कळलं असेल.

माहेरवाशीण
अगदी अगदी! सोडायचीच नाही. आई मला भाकरी कुस्करून भरवायची, माझे हात कुठे मोकळे!

केतकी
आमचं उलटं. रडायचाच नाही. सगळे म्हणे किती शहाणं बाळ. चौथ्या दिवशी कावीळ निघाली, वजन तीन किलोवरून २.६५. डॉक्टर म्हणाले पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, पण दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की हयगय नको. मग दुपटं सोडून, तळपाय चोळून, दर दोन तासांनी उठवून पाजायचे. अबोलीताई, 'मागेल तेव्हा'च्या खाली हे लिहाच. झोपाळू बाळ मागत नाही.

सुगरण
अळीवाची खीर दिलीत का भाचीला? शेपू पण द्या.

माहेरवाशीण
शेपू नको हो काकू, चाळीस दिवस खाल्लाय 😄

रानजाई
माझी बत्तीस आठवड्यांतच जन्मलेली. ओढायची ताकदच नव्हती. दर दोन तासांनी दूध काढायचं आणि बोंडल्याने थेंब थेंब. पहिले चार दिवस मला दूधच उतरलं नाही, तेव्हा मिल्क बँकेतलं दिलं. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या मुंबईत, सायनच्या रुग्णालयात १९८९मध्ये निघाली, हे मला तिथल्या ताईंकडून कळलं. ज्या आईचं दूध माझ्या लेकीच्या पोटात गेलं ती कोण, माहीत नाही. दर दिवाळीला तिच्यासाठी एक पणती लावते.

केतकी
रानजाई 🙏 डोळे भरले.

नाशिककर बाबा
लिहू का? ढेकर काढायचं खातं माझं होतं. रात्री दोन आणि साडेचार. खांद्यावर घेऊन अख्खा पॅसेज फिरायचो. बायकोला तेवढीच वीस मिनिटं डोळा लागायचा.

दोघींची आई
बाबा, असे सगळ्यांना मिळोत!

सोनचाफा
वीस-वीस वेळा पाजून पण माझा उपाशीच. भेगा पडल्या, घेतलं की रडू यायचं. शेवटी कळलं पकडच चुकत होती. नुसतं निप्पल तोंडात जायचं. भोवतालचा काळा भागही गेला पाहिजे, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं. दोन दिवसांत फरक. किती वेळा हे नंतर, आधी पकड बघायला सांगा तिला.

आजी आता
आमच्या वेळी चीक काढून टाकायला लावला आणि मध चाटवला. थोरल्याला. मला विरोध करता आला नाही. धाकटीच्या वेळी पहिल्या तासातच अंगावर घेतलं, चीक पाजला, कुणाचं ऐकलं नाही. वर्षाच्या आत मध अजिबात नको, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको. भाचीकडे बघायला येणाऱ्या मंडळींना हे तुम्ही सांगा, तिला बोलता येणार नाही.

माहेरवाशीण
आजी, तुमच्यासारखी सासू हवी होती.

अबोली
भाची वाचतेय सगळं, एका हातात फोन, मांडीवर लेक. सकाळपासून सातवी वेळ म्हणे, पण आज घाबरली नाही. सोनचाफा, पकड बघायला उद्या नर्स येणार आहेत. सुगरणकाकू, ती विचारतेय अळीव किती वेळ भिजवायचे?

सुगरण
दोन तास. नारळाच्या पाण्यात भिजव गं बाळा, साध्या नाही. गूळ शेवटी.