फ्रान्समध्ये फाइल पूर्ण ठेवली की काम होतं, हे खरंच खरं आहे का?

मुक्ता_ग्रनोब्ल:
नव्याने आलेल्या प्रत्येकाला इथले जुने लोक सांगतात, "फाइल पूर्ण ठेव, काम होतं." मला हे पटत नाही. विद्यार्थी व्हिसा संपायच्या चार ते दोन महिने आधी 'आनेफ' या परदेशी लोकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज टाकायचा. टाकला. लगेच पोच आली. पण त्या पोचेवर इथे राहण्याचा काडीचाही हक्क मिळत नाही. मुदतवाढीचं पत्र वेगळं, आणि ते प्रेफेक्च्युरला (म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कचेरीला) सवड होईल तेव्हा. तोवर व्हिसा संपला की अर्धवेळ नोकरीचा मालक हात वर करतो. कायदा तर आणखी भारी. 2013 च्या कायद्याने इथे तत्त्व असं की सरकार दोन महिने गप्प बसलं तर अर्ज मंजूर (अपवाद ढीगभर). परदेशी माणसाच्या रहिवास परवान्याला मात्र सहसा चार महिने उत्तर नाही म्हणजे नकार! हा छळ नाही तर काय?

तुलूझचे_काका:
छळ म्हणजे अतीच झालं. इथे पाकीट सरकवावं लागत नाही की नगरसेवकाची चिठ्ठी लागत नाही. यादीतलं सगळं दिलंत की विषय संपला. आपल्या लोकांचं घोडं पेंड खातं ते आपल्याच कागदांपाशी. कित्येकांच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोराच असतो. नोंद बारशाआधीची, पुढे महापालिकेत जाऊन नाव चढवायचं कुणाला सुचलंच नाही. तो दाखला जोडून सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी आरोग्यविम्याचा) मागायचा आणि वर फ्रान्सला नावं ठेवायची! निघण्याआधी नाव चढवा, अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी खरेपणाचा शिक्का) करून घ्या आणि भाषांतर इथल्या शपथबद्ध, म्हणजे न्यायालयमान्य, भाषांतरकाराकडून करा.

सई_आता_लीलमध्ये:
काका, माझ्या दाखल्यावर नाव आहे हो. पण त्यात मधलं नाव बाबांचं आणि पासपोर्टात नवऱ्याचं. इथे मधलं नाव म्हणजे तुमचंच दुसरं नाव, जन्मापासूनचं. आणि बाई लग्नानंतरही कायद्याने जन्माच्याच नावाची. नवऱ्याचं आडनाव फक्त वापरापुरतं. खिडकीवरची बाई दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारते, "या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत का?" यात ना तिची चूक, ना माझी. विवाह प्रमाणपत्र, त्याचं भाषांतर, पुन्हा पोस्ट. भाषांतराला पानागणिक पैसे, ते वेगळेच.

पॅरिसचा_पंत:
मला तर काहीच त्रास झाला नाही. 'टॅलेंट' परवाना (कुशल नोकरदारांचा), सगळं कंपनीच्या एजन्सीने केलं. लोक उगाच घाबरवतात.

मुक्ता_ग्रनोब्ल:
पंत, तुम्हाला माणूस कंपनीने दिला. संध्याकाळी लोकांची मुलं सांभाळून भाडं भरणाऱ्या मुलीला कोण देणार? काका, पाकीट लागत नाही हे शंभर टक्के मान्य. पण निदान पाकीट घेणारा माणूस तरी समोर असतो! इथे पोर्टल अडलं तर दाद कुणाकडे मागायची? जून 2022 मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेच सांगितलं की अर्ज ऑनलाइनच करा असं बंधन घालायचं, तर ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट ठेवलीच पाहिजे. न्यायालयाला हे सांगावं लागलं, यातच आलं सगळं.

तुलूझचे_काका:
न्यायालयाने सांगितलं आणि सरकारला ऐकावं लागलं, हेही त्यातच आलं ना? अहो, चार महिने उलटले म्हणून दार बंद होत नाही. त्या नकाराविरुद्ध दोन महिन्यांत प्रशासकीय न्यायालयात जाता येतं. त्याआधी पोचपावतीचं रजिस्टर्ड पत्र पाठवा. फोन करत बसू नका, फोनला इथे पुरावा मानत नाहीत. फ्रेंच लिहिता येत नसेल तर बऱ्याच ठिकाणी नगरपालिकेत किंवा वाचनालयात पत्रं लिहून देणारे स्वयंसेवक बसतात, फुकट.

मुक्ता_ग्रनोब्ल:
म्हणजे फाइल पूर्ण, तरी रजिस्टर्ड पत्र, आणि तेही नाही चाललं तर कोर्ट. मग माझं वेगळं काय म्हणणं आहे, काका?

सई_आता_लीलमध्ये:
तुमचं चालू द्या. लीलच्या आसपास मराठी कळणारा शपथबद्ध भाषांतरकार कुणाला माहीत आहे का? माझा विवाह दाखला मराठीत आहे.