सागवानी पॅनेलचे कोपरे फुटतात, छोटी फळी मागे उडते: शेपरचा वेग वाढवू का?

पॅनेलवाला: ३ एचपी थ्री-फेज शेपर (उभ्या दांड्यावर फिरणाऱ्या कटरने लाकडाच्या कडा कापणारं मशीन), स्पिंडल म्हणजे तो दांडा ३० मिमी, वेग दोनच: मिनिटाला ६००० आणि ९००० चकरा. पॅनेलचा कटर १२५ मिमी, त्यावर कमाल ८००० कोरलंय. १९ मिमी सागवान, ड्रॉवरच्या दर्शनी फळ्या २५० × २०० मिमी, काठाला ६ मिमी जाडी ठेवायची. सगळी खोली एकाच फेरीत काढतो. शेवटचा कोपरा फुटतो आणि दोनदा फळी झटक्याने मागे गेली.

भुसाभाई: ९००० ला हात लावू नका. कटरवरचा आकडा ही शेवटची हद्द असते, त्यापुढे कटरच फुटू शकतो. १२५ मिमीचा कटर ६००० वर फिरला की दाताचं टोक सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातं. हाताने सरकवायच्या कामाला ४० ते ७० मीटर चांगले, म्हणजे तुम्ही अगदी कडेवर असलात तरी ठीक आहात.

चूक सगळं एकाच फेरीत काढण्यात आहे. १३ मिमी काढायचे तर ५, ५, २ आणि शेवटी १ मिमी. पॅनेलची दर्शनी बाजू खाली, कटर खालून, प्रत्येक फेरीला स्पिंडल तेवढाच वर. कटर खाली असला की फळी चुकून उचलली गेली तरी दातापासून लांब जाते. कटर वर असला तर तीच फळी दातात घुसते.

कटरवर एमएएन अक्षरं आहेत का बघा. तसा कटर हाताने सरकवायच्या कामासाठी बनवलेला असतो. दातापुढचा भाग चाव्याला (दात एका वेळी किती लाकूड घेतो त्याला) आवर घालतो, दात त्याच्यापेक्षा जेमतेम १.१ मिमी बाहेर राहतो.

उलटी रेषा: कोपऱ्यांचा इलाज क्रमात आहे. आधी लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात ती दोन्ही टोकं, मग रेषेच्या दिशेची लांब बाजू. टोकाशी उडालेली कपची पुढच्या बाजूच्या कापात निघून जाते. तरी टोक कापताना मागे एक टाकाऊ पट्टी घट्ट लावा, म्हणजे फुटली तर ती फुटेल.

२०० मिमीची बाजू नुसत्या बोटांनी फेन्सला (फळी टेकवायच्या उभ्या आडोशाला) दाबून सरकवणं मला पटत नाही. १२ मिमी प्लायची सरकपाटी करा, मागे आडवी पट्टी, वर दोन टॉगल क्लॅम्प (दांडी दाबली की फळी घट्ट धरणारे शिकंजे), हात कटरपासून वीतभर लांब. फेन्सवर ९ मिमी प्लायची खोटी फेन्स लावून कटरला जागा पुरेल एवढीच फट ठेवा. फट मोठी असली की फळीचं टोक तिच्यात घुसतं, आणि झटका तिथेच बसतो.

तीन फेज: एक गोष्ट वर कुणी लिहिली नाही. वायरमनने जोडणी बदलली आणि दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते. मग नट आपोआप सुटू शकतो, आणि फळी ढकलण्याऐवजी खेचली जाते. वायरिंगला हात लागला की कटर आणि नट काढून क्षणभर चालू करा. स्पिंडल वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरत असेल, तर लाकूड उजवीकडून डावीकडे. नटाखाली चावीचा वॉशर (स्पिंडलच्या खाचेत अडकणारा, स्वतः न फिरणारा) हवाच.

पॅनेलवाला: हाच कटर उलटा बसवून दर्शनी बाजू वर ठेवली तर?

तीन फेज: दातांची तोंडं उलटी होतात. मशीन रिव्हर्सवर घ्यावं लागेल आणि फळी डावीकडून. वर दात उघडा राहतो, तो वेगळा धोका. या मापाला नको.

उलटी रेषा: आणि हातमोजे काढा. मनगटातला दोरा, कडं, पूर्ण बाहीचा शर्टही नको. मोज्याचं एक सूत अडकलं तरी हात पाठोपाठ जातो. कटर बदलताना स्विच बंद करून भागत नाही, मेनचा आयसोलेटर (मशीनची वीज पूर्ण तोडणारा स्विच) पाडा.