शब्दचर्चा: मान्यता, नोंदणी, अधिस्वीकृती... विम्यासाठी नेमका शब्द कुठला?

शेवंती
माझी मामेबहीण स्वित्झर्लंडमधे असते, तिचं योग थेरपीचं शिक्षण संपत आलंय आणि आता स्वतःची प्रॅक्टिस टाकायची तर येणाऱ्याला विम्याचे पैसे परत मिळायला हवेत, नाहीतर कोण येणार, म्हणून ती कुठे रजिस्टर व्हायचं ते शोधतेय. तिथल्या मराठी मंडळींसाठी पानभर माहिती लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तिच्या कागदांवर आनएरकेनुंग (स्वीकारणं), रजिस्टर (यादी), डिप्लोम, बेविलिगुंग (परवाना) असे चार वेगळे जर्मन शब्द आहेत आणि मराठीत जो तो सगळ्याला 'मान्यता' म्हणतो. अधिस्वीकृती चालेल का?

कोशकीटक
अधिस्वीकृती म्हटलं की मला पत्रकारच आठवतात बुवा. शासन ओळखपत्र देतं तो अधिस्वीकृतीधारक पत्रकार. शब्द चांगला आहे, बाहेरच्या कोणीतरी तपासून आपल्याला स्वीकारलं हा अर्थ त्यात नीट बसतो, पण पत्रकार आणि सरकारी कागद सोडून तो कोणाच्या तोंडी नाही. कॉलेजांना नॅकचं 'मानांकन' मिळतं, कारखान्याला आयएसओचं मानांकन, पण तिथे दर्जा लावणं, श्रेणी देणं आलं. तुमच्या बहिणीला कोणी अ किंवा ब श्रेणी देणारे का?

शेवंती
नाही, श्रेणी वगैरे काही नाही. यादीत नाव आहे की नाही एवढंच.

आल्प्सकर
मग 'नोंदणी' लिहा आणि मोकळ्या व्हा :) मी स्वित्झर्लंडमधेच राहतो म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण शब्दांचा घोळ मुळात व्यवस्थेतच आहे.

इथे आरोग्य विमा दोन मजली आहे. खालचा मजला सक्तीचा, सगळ्यांना घ्यावाच लागतो. वरचा ऐच्छिक, खाजगी करार, त्यात कंपनी तब्येतीची प्रश्नावली भरून घेते आणि तुम्हाला नाहीही म्हणू शकते. १७ मे २००९ ला सार्वमत झालं, ६७ टक्के लोकांनी पूरक वैद्यकाला राज्यघटनेत जागा द्यायला हो म्हटलं, आणि ऑगस्ट २०१७ पासून होमिओपॅथी, चिनी वैद्यक, वनौषधी असे काही प्रकार सक्तीच्या विम्यात कायमचे आले. पण ते फक्त त्या विषयाचं जादा शिक्षण घेतलेल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरने केले तर. लोक अर्धीच बातमी ऐकतात आणि थेरपिस्टकडे जाऊन विचारतात बेसिकमधे, म्हणजे सक्तीच्या विम्यात, आहे ना म्हणून. नाहीये. डॉक्टर नसलेल्या थेरपिस्टचं बिल वरच्या मजल्यावर जातं, आणि वरच्या मजल्याचा दरवाजा म्हणजे ती यादी.

याद्या मुख्यतः दोन. एक ईएमआर, बासेलची, १९९९ पासून. दुसरी आस्का, फ्रिबुर्गची, १९९१ पासून, फ्रेंच भाषक भागात तिचं नाव जास्त ऐकू येतं. शिवाय काही कंपन्यांचे स्वतःचे निकष आणि स्वतःच्या याद्या. थेरपिस्टचं शिक्षण किती तास, कुठे झालं हे या संस्था तपासतात, वर्षाची फी घेतात, दरवर्षी ठराविक तासांचं पुढचं शिक्षण केल्याचे पुरावे मागतात. आणि मुख्य गोष्ट, नोंदणी पद्धतीनुसार होते. योग थेरपीसाठी नोंदणी झाली म्हणून रिफ्लेक्सॉलॉजीचं बिल चालेल असं नाही, त्याला वेगळी तपासणी.

कोशकीटक
म्हणजे पाटीवर 'मान्यताप्राप्त थेरपिस्ट' लिहिलं तरी कशासाठी मान्यता हे राहिलंच.

आल्प्सकर
आणि कोणाची, तेही. इथल्या दारांवर 'क्रांकेनकासेन आनएरकांट', म्हणजे 'आरोग्य विमा कंपन्यांना मान्य', अशी पाटी सर्रास असते. वाचणाऱ्याला वाटतं माझी कंपनी पैसे देणार. प्रत्यक्षात एखाददुसऱ्या कंपनीने स्वीकारलं असेल तरी ती पाटी लागते. आपल्याकडच्या 'शासनमान्य' क्लासच्या पाटीसारखंच, कोणतं शासन, काय मान्य केलं, विचारायचं नाही.

मीनाक्षी_त
मधेच येते. 'पूरक' शब्दाचं काय करताय? पूरक उपचार आणि पूरक विमा असं एकाच वाक्यात आलं तर वाचणारा गडबडेल. जर्मनमधे दोन वेगळे शब्द आहेत, मराठीत एकच होऊन बसेल. मी विम्याला 'जोडविमा' म्हणेन किंवा सरळ 'वरचा ऐच्छिक विमा'. आणि पूरक नि पर्यायी एक नव्हे हो, पूरक म्हणजे डॉक्टरच्या उपचारांबरोबर, पर्यायी म्हणजे त्याऐवजी.

आल्प्सकर
मीनाक्षीताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत, कारण इथे तो फरक सरकारी परीक्षेतच आहे. २०१५ पासून दोन वेगळे केंद्रीय डिप्लोमा आहेत. एक पूरक थेरपिस्टचा, त्यात शियात्सू (दाब देऊन करायचे जपानी उपचार), क्रेनियोसेक्रल (डोकं नि कण्यावरचे हलक्या हाताचे उपचार), योग थेरपी वगैरे. दुसरा नॅचरोपाथचा, म्हणजे निसर्गोपचारकाचा, पर्यायी वैद्यकवाल्या संघटनेचा, त्यात चारच शाखा: आयुर्वेद, होमिओपॅथी, चिनी वैद्यक आणि युरोपीय निसर्गोपचार. आणि गंमत अशी की आयुर्वेद दोन्हीकडे आहे! इकडे 'आयुर्वेद थेरपी', तिकडे 'आयुर्वेद वैद्यक'. मालिश, आहार, दिनचर्या एवढ्यावर थांबणारा आणि निदान करून औषध देणारा, असा तो भेद. आपल्या लोकांना हे सांगितलं की हमखास वाद होतो.

शेवंती
म्हणजे बहिणीने डिप्लोमाच करावा का? यादीतली नोंदणी पुरेशी नाही?

आल्प्सकर
दोन्ही वेगळ्या गोष्टी. डिप्लोमा ही पदवीसारखी कायमची, ते नाव कायद्याने राखीव, परीक्षा न देता कोणी लावू शकत नाही. त्याआधी संघटनेचं प्रमाणपत्र मिळतं, मग देखरेखीखाली प्रॅक्टिस, मग परीक्षा. परीक्षेला बसलं तर तयारीच्या कोर्सच्या फीचा ५० टक्क्यांपर्यंत भाग सरकार परत देतं, त्यालाही मर्यादा आहे. यादीतली नोंदणी मात्र दरवर्षी टिकवायची, फी चुकली की नाव गेलं. आणि बेविलिगुंग हे तिसरंच, तो कॅन्टनचा, म्हणजे इथल्या राज्याचा परवाना, कुठे लागतो कुठे नाही. माझं मत विचाराल तर आधी नोंदणी, डिप्लोमा नंतर सवडीने, कारण प्रॅक्टिस चालली नाही तर डिप्लोमा भिंतीवर लावून काय करणार.

कुठली यादी? सुरुवातीला जे दहाबारा लोक येतील असं वाटतंय त्यांना विचारायचं तुमची कंपनी कुठली, आणि त्या कंपन्यांना बहिणीने स्वतः फोन करून 'या पद्धतीसाठी, या यादीतल्या थेरपिस्टला देता का' असं विचारायचं. शाळेच्या शब्दावर जायचं नाही, त्यांना कोर्स विकायचा असतो. बरेच जण शेवटी दोन्हीकडे नाव घालतात, दोन फिया भरतात.

कोशकीटक
रिइम्बर्समेंटला काय लिहिणार? सरकारी नोकरीतले लोक 'वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती' म्हणतात, पण पानभर माहितीत प्रतिपूर्ती वाचून झोप येईल.

मीनाक्षी_त
परतावा. पण परतावा म्हटलं की लोकांना गुंतवणुकीचा वाटतो, म्हणून 'खर्चाचा परतावा' असं पूर्ण लिहायचं. किंवा बोलताना म्हणतो तसं 'क्लेम पास होणे', सगळ्यांना कळतं.

आल्प्सकर
परतावा बरोबर बसतो, कारण पेशंट आधी स्वतः पैसे भरतो आणि मग बिल कंपनीला पाठवतो. बिल कसं असतं तेही पानावर टाका. टॅरिफ ५९० नावाचा साचा आहे, वेळ पाच मिनिटांच्या तुकड्यात मोजतात, म्हणजे तासाभराच्या सेशनला १२ तुकडे, समोर पद्धतीचा आकडा आणि थेरपिस्टचा झेडएसआर क्रमांक, म्हणजे विमा कंपन्या बिल देणाऱ्याला ज्याने ओळखतात तो आकडा. तो क्रमांक किंवा पद्धत चुकली की बिल परत. आणि सगळं बरोबर असलं तरी करारात ठरलेले टक्केच मिळतात, वर्षाची कमाल मर्यादाही असते.

शेवंती
झकास. मग असं ठरवते: यादीसाठी नोंदणी, कॅन्टनसाठी परवाना, सरकारी परीक्षेसाठी डिप्लोमा तसाच, आणि 'मान्यता' फक्त विमा कंपनीच्या तोंडी, तीही पद्धतीच्या नावासकट. पहिलं वाक्य: "योग थेरपीसाठी ईएमआरकडे नोंदणी झालेली योगचिकित्सक, तुमच्या विमा कंपनीची मान्यता आहे का ते येण्याआधी कंपनीला विचारा."

मीनाक्षी_त
'चिकित्सक' नको गं, डॉक्टर वाटते. थेरपिस्टच ठेव. आणि नाव खरंच यादीत आल्याशिवाय 'झालेली' छापू नकोस.