टोमॅटोचे जुने वाण: पुढच्या हंगामाला कोणते लावू?

परसबागवाली:
यंदा मोठ्या हौसेने ब्रँडीवाइनची सहा रोपं लावली. झाडं डोक्याच्या वर गेली, फुलांनी लदली, आणि नेमका तेव्हाच उन्हाचा तडाखा सुरू झाला. रोज सकाळी बुंध्याशी पिवळ्या फुलांचा सडा, प्रत्येक फूल देठावरच्या त्या छोट्या गाठीपाशी तुटलेलं. सहा झाडांना मिळून अकरा फळं धरली. पण पहिलं फळ कापून खाल्लं आणि ठरवलं, जुने वाण सोडायचे नाहीत. पुढच्या वेळी जागा चारच झाडांची आहे. बीही घरचंच धरायचंय. काय लावू?

मातीतले हात:
तुमची फुलं उन्हात सापडली. दिवसा पारा ३२-३५ अंशांच्या वर आणि रात्रीही २४च्या खाली उतरत नसेल, तर पराग निकामी होतो आणि फूल गळतं. ब्रँडीवाइन मुळात उशिराचा, रोप लावल्यापासून फळ पिकायला ८० ते १०० दिवस घेतो. म्हणून फोटो बघून वाण निवडू नका, आधी आपल्याकडे बरं हवामान किती दिवस टिकतं ते मोजा.

एक झाड स्तुपित्सेचं लावाच. चेक वाण आहे, फळ लहान, पण ६०-६५ दिवसांत हाती येतं आणि थंडीलाही दबत नाही. दुसरं चेरोकी पर्पल. अमेरिकेतल्या टेनेसीच्या जॉन ग्रीन यांनी १९९० साली जुने वाण जमवणाऱ्या क्रेग लहूलियर यांना या बिनानावाच्या टोमॅटोचं बी पाठवलं, नाव लहूलियर यांनी ठेवलं. जांभळट-तपकिरी, देठाजवळ हिरवे खांदे, आणि चवीला माझ्या मते ब्रँडीवाइनच्या तोडीस तोड. खांदे हिरवे राहतात म्हणून पिकण्याची वाट बघत बसू नका, बूड मऊ लागलं की तोडा.

रसवाले:
शिजवायला हवा असेल तर सान मार्झानो. गर घट्ट, बिया कमी. पाणी मात्र नेमाने द्या. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं झालं की मातीत कॅल्शियम असूनही ते फळापर्यंत पोचत नाही आणि बूड काळं पडतं. माझी पहिली खेप अशीच गेली. मग बुंध्याशी वाळल्या पानांचं जाड आच्छादन केलं, तेव्हा फळं वाचली.

बी राखणारी:
बी धरायचं तर एक सांगते. ब्रँडीवाइन आणि स्तुपित्से, दोघांची पानं बटाट्यासारखी. अशा काही वाणांच्या फुलात स्त्रीकेसर बाहेर डोकावतो, त्यामुळे मधमाशीकडून दुसऱ्या वाणाशी संकर व्हायची शक्यता जास्त. कळी उमलायच्या आत घोसावर पातळ कापडाची पिशवी बांधा, आतला पराग झडावा म्हणून रोज टिचकी मारा, फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा. तेच फळ बियांसाठी. पूर्ण पिकलं की बियांचा गर ग्लासात दोन-तीन दिवस आंबवा. वर साय धरली की धुऊन ताटलीत पसरा. कागदावर नको, चिकटतं.

परसबागवाली:
ठरलं: स्तुपित्से दोन, चेरोकी पर्पल एक, सान मार्झानो एक. ब्रँडीवाइनच्या शेवटच्या फळाचं बी आजच ग्लासात घातलंय. ते अगदी लवकर, घरात रोप करून एखाद्या मोठ्या कुंडीत लावून बघते. किती लिटरची कुंडी पुरेल?

मातीतले हात:
४०च्या खाली जाऊ नका. आणि काठी रोप लावतानाच रोवा, नंतर रोवली की मुळं तुटतात.