मदत हवी आहे : सोलापुरात आत्ता हुरडा कुठं मिळेल?

नमस्कार मंडळी, माझे सासरे, आम्ही सगळे दादाच म्हणतो, शेवटच्या टप्प्यात आहेत, डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. खाणं जवळपास बंद झालंय पण सारखं एकच, हुरडा आणा. मंगळवेढ्याकडं मालदांडी ज्वारीचं रान होतं त्यांचं, आगटीत भाजलेली कणसं तळहातावर चोळून गरम दाणे बहिणीच्या, आक्कांच्या ओंजळीत टाकायचे, सांगताना अजून हात चोळतात. पुढं वाटणीवरनं बोलणं तुटलं, आक्का गेल्या तेव्हा मातीला पण गेले नाहीत, तेच आता खातंय त्यांना.

पण हुरड्याचा सीझन डिसेंबर-जानेवारीचा, ह्या पावसात कुठनं आणू? कुणाकडं वाळवलेला किंवा फ्रीझरमध्ये ठेवलेला असेल तर प्लीज सांगा, पैसे देते. आणि गिळताना ठसका लागतो, त्यामुळं अख्खे दाणे, शेंगाचटणी असलं काहीच चालत नाही, नीट बसवून मऊ, दाटसरच द्यायचंय. हुरडा शिजवून एकदम बारीक वाटून गाळला तर भाजल्याचा वास राहील का? कुणी आजारी माणसासाठी असं केलंय का? आक्कांची मुलगी रविवारी येतीय, त्याच्या आत जमलं तर फार बरं होईल.