चित्रकला येत नसल्यास कलोपचाराचा उपयोग होतो का?

प्रश्न: आईच्या निधनानंतर मी समुपदेशन घेत आहे, पण बोलायला बसले की घशात आवंढा येतो आणि शब्द सुचत नाहीत, म्हणून समुपदेशकांनी कलोपचार सुचवला आहे. शाळा सुटल्यापासून मी ब्रश हातात धरलेला नाही. मला त्याचा लाभ होईल का?

उत्तर १: होऊ शकतो, कारण तिथे चित्राला गुण द्यायचे नसतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे माती, रंगीत पेने आणि कोलाज हाताळले, तेव्हा सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे तणावाशी निगडित संप्रेरक घटले, आणि पूर्वानुभवाने त्यात विशेष फरक पडला नाही. अर्थात नमुना लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, त्यामुळे याला पुरावा म्हणण्यापेक्षा संकेत म्हणणे योग्य.

उत्तर २: पहिल्या सत्रात मी अर्धा तास मातीचा एकच गोळा थापत बसलो होतो. त्यावर अंगठ्याचा खोल खड्डा पडला होता. उपचारकांनी ‘हे काय बनवले?’ असे न विचारता ‘इथे एवढा जोर का लागला?’ असे विचारले, आणि मी प्रथमच वडिलांविषयी बोललो.

उत्तर ३: उपचारकांचे प्रशिक्षण मात्र आधी विचारून घ्यावे. रंग भरण्याची वही विरंगुळा देते, पण दडलेले दुःख अचानक वर आले तर ते सावरायला जाणकार माणूस समोर असावा लागतो.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. ब्रशपेक्षा मातीची भीती कमी वाटते. तिथूनच सुरुवात करते.